एमपी३ प्लेयर चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही

सतारवेडा

मायक्रो यूएसबीचा एमपी३ प्लेयर आहे. आतली मेमरी १६ जीबी, शिवाय ६४ जीबीचं कार्ड. विंडोज १० ला जोडला की प्लेयरवर चार्जिंगचं चिन्ह येतं, बाकी काहीच नाही. ना जोडल्याचा 'टुंग' आवाज, ना ड्राइव्ह. चार्ज होतंय म्हणजे केबल ठीक असावी. ड्रायव्हर परत टाकू की सरळ फॉरमॅट मारू? आतल्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

चौथी_तार

दुसरी प्रत नाही ना, मग फॉरमॅटचं नाव काढू नका. ड्रायव्हरचंही इतक्यात नको. आवाजच येत नाही, म्हणजे आपल्याला काही जोडलंय हेच बहुधा संगणकाला कळलेलं नाही. ड्रायव्हरचा नंबर त्यानंतर लागतो. (संगणकाचे आवाज बंद करून ठेवलेले नाहीत एवढं आधी बघा.)

चार्ज होतंय म्हणून केबल ठीक, असं नसतं. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा: लाल ५ व्होल्टची, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. चार्जिंगला पहिल्या दोन पुरतात. ट्रिमर, दिवे, इयरफोन यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. प्लेयर डेटाच्या एका तारेवर १.५ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ३.३ व्होल्ट देतो, त्यावरून पोर्टला पाहुणा आल्याचं कळतं. तार नसेल किंवा पिनेजवळ तुटली असेल तर निरोपच पोचत नाही.

खात्री करायची तर तीच केबल मायक्रो यूएसबीच्या दुसऱ्या एखाद्या यंत्राला लावा, म्हणजे फोन, कॅमेरा, कार्ड रीडर. त्याच्या फाइली संगणकावर उघडल्या तर केबल निर्दोष. नाही उघडल्या तर ती चार्जरपुरती ठेवा.

खटपट्या

+१. त्याबरोबर हेही करून टाका:

हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) आणि एक्स्टेन्शन काढा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट लावा. पुढचे पोर्ट आतल्या लांब वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, त्यांचा जोड सैल असणं नवीन नाही. वेगळा वीजपुरवठा नसलेला हब एका पोर्टचे ५०० मिलिअँपिअर सगळ्यांत वाटतो. बॅटरी पार उतरलेला प्लेयर तेवढ्यात चार्जिंगचं चिन्ह दाखवेल, पण चालू होणार नाही. आधी अर्धा तास चार्जरवर ठेवा.

मग प्लेयर बंद करून पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस तळाशी दाबून बसतो आणि पीन शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जात नाही. लाकडी टूथपिक कडेकडेने फिरवून काढा. टाचणी नको, आतली पातळ जीभ वाकते. पीन हलकेच डावीउजवीकडे हलवल्यावर जोडणी येत-जात असेल तर पोर्टचं सोल्डर सुटलंय. तिथे सॉफ्टवेअरचे उपाय करत बसू नका.

सी_टाइप

धागाकर्त्यांना लागू नाही, पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या पुढच्यांसाठी: टाइप-सी पोर्टचा स्वस्त प्लेयर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर पूर्ण मुका राहिला, तर एका टोकाला जुना चौकोनी ए असलेली केबल लावा. सी ते सी जोडणीत प्लेयरच्या बाजूला ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. काही उत्पादक ते वाचवतात, मग समोरचा पोर्ट वीजच सोडत नाही. ए टोकावर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तिथे चालतं.

सतारवेडा

कॅमेऱ्याची केबल लावली, आवाज आला! पण आता 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', कोड ४३. हबवरच लावला होता.

चौथी_तार

पहिला अडथळा गेला. आता संगणक 'कोण आहेस?' विचारतोय आणि प्लेयर धड उत्तर देत नाहीये. कारणं साधारण तीन: हब किंवा केबलमुळे खराब होणारा सिग्नल, प्लेयरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अडकलेलं, किंवा विंडोजने धरून ठेवलेली जुनी नोंद. याच क्रमाने जा.

हब काढा. प्लेयर सुटा करून रीसेट करा: बारीक भोक असेल तर सरळ केलेल्या पेपरक्लिपने, नसेल तर पॉवरचं बटण १० ते १५ सेकंद दाबून. नेमकी पद्धत माहितीपुस्तिकेत मिळेल. कार्डही बाहेर काढा. खराब कार्ड वाचता वाचता प्लेयर 'लायब्ररी अपडेट'वर अडकतो आणि यूएसबीकडे बघत नाही.

तरी नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' चालू करा. प्लेयरची फिकट झालेली नोंद आणि ती पिवळी नोंद, दोन्हींवर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. मग संगणक रीस्टार्ट करून प्लेयर जोडा. ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, नव्याने ओळख पटली की आपोआप बसतो. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जे काही फुकट मिळतं ते अजिबात उतरवू नका.

मेहफिल

आयपॉडचं पण असंच असतं का? क्लिक व्हीलवाला क्लासिक आहे.

खटपट्या

पायऱ्या त्याच, फक्त रीसेट वेगळा. होल्डची कळ एकदा चालू-बंद करा. मेन्यू आणि मधलं बटण सफरचंद दिसेपर्यंत एकत्र दाबा, साधारण ६ ते ८ सेकंद. दिसताक्षणी बोटं हलवून मधलं बटण आणि प्ले-पॉज दाबून धरा. डिस्क मोडचा, म्हणजे आयपॉड नुसत्या डिस्कसारखा वागतो त्या मोडचा, पडदा येतो. तो येत असेल आणि संगणकाला आयपॉड त्या मोडमध्येही दिसत नसेल तर संशय केबलवर किंवा खालच्या ३० पिनांच्या सॉकेटवर.

मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड विंडोजला नुसता वाचता येत नाही, कारण फाइल सिस्टिम वेगळी. विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारेल, नाही म्हणा. मॅकवर कॅटालिनापासून आयट्यून्स नाही, आयपॉड फाइंडरच्या डाव्या पट्टीत दिसतो.

सतारवेडा

हब काढून रीसेट केल्यावर कोड ४३ गेला. 'धिस पीसी'मध्ये प्लेयरचं चित्र दिसतंय, पण ड्राइव्हचं अक्षर नाही. उघडल्यावर आतली मेमरी दिसते. कार्ड परत घातलं, पण ते दिसत नाही.

नोंदवही

चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा, कार्ड दुरुस्त होईल.

चौथी_तार

थांबा, नोंदवही. अक्षर नाही म्हणजे प्लेयर एमटीपी या फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीवर आहे. त्यात फाइल सिस्टिम प्लेयर सांभाळतो, संगणक फक्त फाइली मागतो. चेकडिस्कला तिथे धरायला काही नाही. एमएससी, म्हणजे मास स्टोरेज, मोडमध्ये आख्खी डिस्क संगणकाच्या ताब्यात जाते, तेव्हा अक्षर मिळतं. आणि जिथे दुसरी प्रत नाही तिथे दुरुस्तीआधी नक्कल, हा क्रम बदलायचा नाही. चेकडिस्क अर्धवट फाइलींचे तुकडे करून ठेवतं.

सतारवेडा, आतली मेमरी दिसतेय तर इतर सगळं सोडून आधी गाणी संगणकावर उतरवून घ्या. एमटीपीवर एकदम हजार फाइली ओढल्या तर मध्येच गळपटतं, म्हणून एकेक फोल्डर.

मग प्लेयरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड शोधा. एमएससी असेल तर तो निवडा, केबल काढून परत लावा. बहुतेक वेळा दोन ड्राइव्ह येतात, एक मेमरीचा आणि एक कार्डाचा. एकच आला तर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. डिस्क तिथे आहे पण अक्षर नाही, असं असेल तर 'चेंज ड्राइव्ह लेटर'ने मोकळं अक्षर द्या. नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर अडवलेलं असू शकतं. 'रॉ' लिहून आलं तर फाइल सिस्टिम बिघडलीय. तिथे फोटोरेक या फाइली परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने गाणी निघू शकतात, पण मूळ नावं आणि फोल्डर जातात.

कार्डाबद्दल वेगळा संशय आहे. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये येतात आणि जुन्या प्लेयरना फक्त फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टिम कळते. कार्ड रीडरला लावा. तिथे फाइली उघडल्या तर कार्ड धडधाकट आहे. त्या उतरवून मग कार्ड फॅट३२ करा. विंडोज १० ची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, त्याला वेगळी युटिलिटी लागते.

टर्मिनल

लिनक्सवाल्यांनी प्लेयर जोडून लगेच डीमेसगच्या (यंत्रणेच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) शेवटच्या ओळी वाचाव्यात. एकही नवी ओळ नाही तर केबल किंवा पोर्ट. 'डिस्क्रिप्टर रीड' आणि 'एरर −७१' असेल तर सिग्नल. एसडीबीसारखं नाव आलं तर डिस्क ओळखली गेलीय, फक्त माउंट व्हायची, म्हणजे फाइली उघडण्यासाठी जोडली जायची आहे.

मॅकवर एमटीपी फाइंडरमध्ये दिसतच नाही, तिथे एमएससीच लावा. आणि विंडोजची 'एन' आवृत्ती (मीडियाची साधनं वगळलेली) असेल तर मीडिया फीचर पॅक टाकल्याशिवाय एमटीपी चालत नाही. ऑप्शनल फीचर्समध्ये मिळेल.

सतारवेडा

गाणी उतरली. कार्ड रीडरमध्ये एक्सफॅटच दाखवतंय, फाइली सगळ्या आहेत. त्या उतरवून झाल्या की फॅट३२ करतो. क्लस्टर साइझ, म्हणजे फाइलींसाठी जागेच्या एका तुकड्याचं माप, किती ठेवू?

चौथी_तार

३२ केबी. प्लेयरची लायब्ररी नव्याने बनेल, तेवढा वेळ केबल लावू नका.