कयाकिंग शिकायचंय, बोट आधी घेऊ की नंतर?

पाणकोंबडी_पुणे

नमस्कार मंडळी. वय ४१, पोहता येतं पण तलावात, खोल पाण्यात कधी गेले नाही. गेल्या महिन्यात पवना धरणाच्या काठी टेंटमध्ये राहिलो होतो, तिथे सकाळी साडेसहाला अर्धा तास कयाक चालवली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये. पाणी इतकं निवांत होतं की समोरचा डोंगर अख्खा उलटा दिसत होता, आणि वल्हं उचललं की त्याच्या टोकावरून पडणारे थेंब ऐकू यायचे. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता अडचणी. दोघांची बोट होती, मी पुढे नवरा मागे, सारखी गोल गोल फिरायची. नंतर दोन दिवस खांदे भरून आले होते. लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा तुटलेला, ते वर सरकून हनुवटीला लागत होतं, तिथल्या मुलाला सांगितलं तर म्हणे काही होत नाही मॅडम.

ऑनलाइन हवा भरायच्या कयाक दिसतायत, गाडीच्या डिकीत मावतात, घेऊन टाकू का? क्लास लावावा लागतो का? कुठून सुरुवात करू?

मुळशीकाठ

ताई आधी जॅकेटचं बोलते कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे आणि कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगायचं, कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. दुसरं मागायचं, नसेल तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, पैसे गेले तरी चालतील. कयाकच्या आधी स्वतःचं चांगलं जॅकेट घ्या आणि त्याला एक शिट्टी बांधून ठेवा.

गोल फिरण्याचं कारण बहुतेक हे की वल्हं कमरेच्या मागेपर्यंत ओढताय. पाण्यात घालायचं पावलांजवळ आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं, त्याच्या मागे ओढलं की बोट पुढे जायच्या ऐवजी वळते. दोघं असाल तर पुढच्याने फक्त लय धरायची, दिशा मागचा सांभाळतो, आणि मागच्याने पुढच्याच्याच तालावर वल्हं मारायचं नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. खांदे दुखले म्हणजे सगळं काम हातांनी केलंत, ताकद कमरेतून यायला हवी. पाय टेकवायला खाचा असतात त्यात पाय घट्ट रोवून बसा, गुडघे थोडे वाकलेले, आणि उजवीकडे वल्हं मारताना उजवा पाय दाबून अख्खं धड वळू द्या. वल्हं डोक्यावर धरून बघा, कोपर काटकोनात आले की हात बरोबर जागी आहेत. वल्ह्याची खोलगट बाजू आपल्याकडे, मी पहिले तीन महिने उलटं धरत होते आणि कुणी सांगितलंच नाही.

बोट आत्ता घेऊ नका. चार-पाच वेळा भाड्याने चालवा, वेगवेगळ्या प्रकारच्या, मग ठरवा. हवेची घेतलीत तर खाली शेपटीला पंख असलेलीच घ्या, नाहीतर वारा आला की पानासारखी वाहत जाते. आणि दुपारी हवा टम्म भरलेली बोट काठावर उन्हात ठेवून जेवायला जायचं नाही, आतली हवा तापून फुगते, शिवण उसवते. धरणात स्वतःची बोट टाकण्याआधी परवानगी लागते का ते जलसंपदाच्या ऑफिसात विचारून घ्या.

कर्लीकाठचो_झील

मी मालवणजवळच्या देवबागचा, आमच्याकडे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलाच. धरणाचं वरती सांगितलंच आहे, खाडीत यायचं असेल तर भरती-ओहोटी आधी शिकून घ्या. आमचे आजोबा घड्याळ बघायचे नाहीत, तिथीची पाऊणपट करायचे. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमाराला भरती पूर्ण, अष्टमीला सहाच्या सुमाराला. तास-दीड तास मागेपुढे होतं, नेमकी वेळ तक्त्यातच बघायची, पण अंदाज पक्का येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरात उतरतं. सहा तासांच्या ओहोटीत मधले दोन तास ओढ सगळ्यात जास्त, तेव्हा नवख्या माणसाने संगमाजवळ असायचंच नाही. आजोबांचं एकच सांगणं, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली काय संगमाकडे जाव नको. बाहेरगावचे लोक तिथेच जातात कारण फोटो तिथेच छान येतात, जाताना पाणी नेतं म्हणून सोपं वाटतं आणि परत फिरल्यावर वल्हं मारून मारून हात गळतात तरी बोट जागची हलत नाही.

वाऱ्याचं पण तसंच. शाळेत खारे वारे मतलई वारे शिकलोय ना, दुपारी खारा वारा सुटला की खाडीत लाटा उठतात. सकाळी उजाडताना निघा, दहापर्यंत परत. आणि जाताना वाऱ्याच्या, पाण्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमून परतताना तेच तुम्हाला घेऊन येतं. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत इकडचं सगळं बंदच असतं, तेव्हा कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

सिअॅटलकर

क्लासबद्दल सांगतो. इकडे अमेरिकेत सिअॅटलजवळच्या प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीचं पाणी वर्षभर जेमतेम ८ ते १३ डिग्री असतं, त्यामुळे आधी पोहायच्या तलावात बोट उलटवून बाहेर यायला शिकवतात, मगच बाहेर नेतात. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही पण ही पद्धत सोडू नका. छातीभर पाण्यात, जॅकेट घालून, जाणकार माणूस शेजारी उभा ठेवून मुद्दाम पडा. पडल्यावर पहिलं काम बोट धरणं, काठ कितीही जवळ दिसला तरी बोट सोडून पोहत निघायचं नाही. बोट सरळ करा, मध्यावर या, पलीकडची कड पकडा, मग पाय जोरात मारत अंग पाण्यावर आडवं आणा आणि पोटावर आडवे चढा. पाय आडवे न करता नुसतं हातांनी वर ओढायला गेलात तर बोट अंगावर उलटते. चढल्यावर लगेच उठून बसायचं नाही, कूस बदलून बूड सीटवर आणायचं, शेवटी पाय आत. हे तीनदा सलग जमलं की मग लांब जायचं बघा.

पाणकोंबडी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी भावाला घेऊन गेले, जॅकेट स्वतःचं नवीन घेतलंय, दादाने खांद्याला धरून ओढून बघितलं, हललं नाही. छातीभर पाण्यात पडायला सुरुवात केली. पहिल्या पाच वेळा बोट अंगावर आली, सहाव्यांदा पाय खरंच आडवे झाले आणि मी वर! दादा काठाजवळ उभा राहून टाळ्या वाजवत होता. कमरेतून वल्हवायचं अजून विसरते पण खांदे आज दुखत नाहीयेत. बोट सध्या घेत नाहीये.

देवबागच्या दादांना एक विचारते, डिसेंबरमध्ये यायचं आहे, कुठली तिथी बघून बुकिंग करू?

कर्लीकाठचो_झील

अष्टमी-नवमीच्या आसपास या ताई. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी कमी चढतं-उतरतं, त्यामुळे सकाळी ओहोटी असली तरी ओढ कमी. आधी नदीच्या वरच्या अंगाला जाऊ, कांदळवनाकडे, येताना पाणीच आणतं.