मदत हवी आहे : नवऱ्याला समुद्रात काहीतरी चावलं, चुना लावू का?

मीनल७ : गुहागरला आलोय. नवऱ्याला पाण्यात काहीतरी चावलं. हळद लावली, बर्फ धरला, ठणका वाढतोच आहे. घरमालकीणबाई म्हणतात चुना लावा. लावू का? गाडी मित्र घेऊन गेलाय. लवकर सांगा प्लीज.

लिंबूटिंबू : व्हिनेगर ओता. मला जुहूला पावसाळ्यात निळी बाटली (ती जेलीफिशसारखी, लांब तंतूंची) डसली होती, व्हिनेगरनेच उतरलं.

समुद्रपक्षी : कुठे चावलं? चाबकासारखे वळ आहेत की भोक?

मीनल७ : पायाला, सांगितलं ना! घोट्याजवळ चीर पडलीये, रक्त येतंय.

समुद्रपक्षी : नव्हतं सांगितलं. असो.

सारंगा : उथळ पाण्यात चालताना ना? मग पाकट मासा, म्हणजे स्टिंगरे. वाळूत दडून बसतो, पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. बर्फ आणि चुना बाजूला ठेवा. रक्त दाबून थांबवा, जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा. साधारण 45 अंश, तासभर, निवलं की बदलायचं. पाणी तुम्ही हाताने बघा, त्याला पोळलेलं कळणार नाही.

लिंबूटिंबू : गरमाने विष पसरतं! आमच्याकडे बर्फच लावतात.

सारंगा : पाकटाचं विष प्रथिनांचं, उष्णतेने निकामी होतं. शिंगाळा माशाचा काटा लागला तरी हेच. आणि निळ्या बाटलीलाही ऑस्ट्रेलियात व्हिनेगर नको म्हणतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, तंतू काढायचे, मग गरम पाणी.

बंडोपंत : लघवीचा उपाय कोणी सांगितला नाही अजून?

सारंगा : सांगूही नका. काही उपयोग नाही.

चौपाटीकर : 2013 ला गिरगावात विसर्जनाच्या वेळी कितीतरी जणांना पाकटांनीच डसलं होतं. पाय उचलून न टाकता घासत चालावं, म्हणजे तो आधीच पळतो.

खवय्या : सुक्या पाकटाचं कालवण मात्र झकास. आमसूल घालून.

मीनल७ : इथे माणूस कळवळतोय आणि तुम्हाला कालवण सुचतंय!!

मीनल७ : वीस मिनिटं झाली. ठणका उतरतोय. चिरेत काळं काहीतरी दिसतंय, चिमट्याने काढू?

सारंगा : उकरू नका. काटा मोडून आत राहतो कधीकधी, एक्स-रे लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या. दम लागला, चक्कर आली तर लगेच हलवा.

मीनल७ : मित्र आला. निघतोय. बादली गाडीतच घेतलीये.

भटक्या : व्याडेश्वराच्या जवळ उतरलात का? खोलीचं भाडं किती पडलं?

लिंबूटिंबू : मला मात्र व्हिनेगरनेच बरं वाटलं होतं.