सेलाडॉनला मराठीत काय म्हणायचं? आणि ते 'शिलाधर' खरं का?

जुन्या चिनी भांड्यांच्या एका प्रदर्शनाची माहिती मराठीत करून द्यायला घेतलीये आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. सेलाडॉन, म्हणजे फिकट हिरव्या झिलईची ती जुनी चिनी भांडी. माझ्या आधी कुणीतरी 'पाचूच्या रंगाची चिनी माती' असं करून ठेवलंय. अहो पाचू म्हणजे लखलखीत, आरपार हिरवा, आणि ही भांडी तशी नाहीतच. मी चीनमधल्या लोंगछ्वेन गावची एक वाटी अगदी जवळून बघितलीये, कैरीची साल काढल्यावर लगेच खाली जो फिकट हिरवा दिसतो ना तो, त्यात थोडं आभाळ कालवल्यासारखं, आणि काठावर झिलई (वरचा काचेसारखा थर) ओघळून पातळ झालीये तिथे खालची माती पांढुरकी डोकावते. चकाकत नाही ती, आतून उजळल्यासारखी वाटते. याला शब्द सुचवा ना. आणि एके ठिकाणी वाचलं की मूळ शब्द संस्कृत 'शिलाधर' आहे, ते कितपत खरं?

———

शिलाधर सोडून द्या ताई. शिला आणि धर जोडून ऐकायला छान वाटतं, पण भारतात कुणी या भांड्यांना शिलाधर म्हटल्याचा दाखला नको का? शब्द फ्रेंच आहे. १७व्या शतकात ओनोरे द्युर्फेच्या 'लास्त्रे' कादंबरीत सेलादों नावाचा मेंढपाळ आहे, त्याच्या फिकट हिरव्या फितींवरून आधी रंगाला ते नाव पडलं आणि मग त्या रंगाच्या चिनी भांड्यांना, असं बहुतेक अभ्यासक धरतात. दुसरी कथा इजिप्तच्या सलादीनची, त्याने ११७१ मध्ये सीरियाचा सुलतान नुरुद्दीनला अशी ४० भांडी पाठवली म्हणून सलादीनचं सेलाडॉन झालं म्हणे. मला पहिलीच पटते, कारण तिथे शब्द रंगावरून भांड्यावर कसा आला ते तरी कळतं.

चिनी लोक स्वतः छिंग-त्स म्हणतात, त्स म्हणजे चिनी मातीचं भांडं. आणि छिंग म्हणजे हिरवा का निळा, तर दोन्ही! गवत पण छिंग, आभाळ पण छिंग, इतकंच काय काळ्याभोर केसांना पण छिंग. आपल्याला हे जड जाऊ नये, आपला विठोबा अभंगात सावळाही असतो आणि निळाही.

———

आपल्याकडच्या नावांचं कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितोय. अरब आणि इराणी व्यापारी या भांड्यांना मर्तबानी म्हणायचे, ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून माल यायचा म्हणून. हिंदीत लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात ते तिथूनच आलं. आणि हिंदुस्थानात अशा ताटांना 'घोरी' म्हणायचे, विष घातलेलं अन्न वाढलं की ताट तडकतं अशी समजूत होती. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी १३०० च्या वर भांडी आहेत आणि तिथेही विषाची हीच गोष्ट सांगतात.

पण मर्तबानी लेबलवर घालू नका हो, वाचणारा लोणचंच समजेल.

———

दोघांचेही खूप आभार, शिलाधर काढून टाकलं. 'सेलाडॉन' तसंच ठेवतेय आणि खाली 'हिरवट-निळ्या झिलईची चिनी भांडी' असं. झिलई हा शब्द मला हवाच आहे कारण सगळी करामत तिच्यातच आहे, रंग वरून दिलेला नसतो. झिलईत लोह असतं, शेकडा एक ते तीन इतकंच, आणि भट्टीत हवा कोंडून आतल्या जाळाला ऑक्सिजन कमी पडू दिला की तेच लोह हिरवट-निळं होतं, हवा जास्त शिरली की पिवळट-तपकिरी. भट्टी १२०० अंशांच्या वर तापलेली, आत काय चाललंय ते दिसत नाही, कारागीर ज्वाळेवरून ओळखणार. लोंगछ्वेनचे लोक तर झिलईचे थरावर थर द्यायचे, एक सुकला की दुसरा, आणि त्या जाड थरात बारीक बुडबुडे आणि न विरघळलेले कण राहतात, उजेड त्यांच्यात विखुरतो म्हणून ती आतून उजळल्यासारखी वाटते. हे समजल्यावर मला पाचूचा आणखीनच राग आला. त्यांना हवा होता जेड या दुधाळ हिरव्या दगडाचा मऊपणा, आणि जेड म्हणजे पाचू नव्हे!

त्यांची स्वतःची रंगांची नावं बघा, फन-छिंग म्हणजे पावडर लावल्यासारखा फिकट आणि मेइ-त्स-छिंग म्हणजे कच्च्या आलुबुखारासारखा. मी दुसऱ्याला 'कच्च्या कैरीचा हिरवा' लिहिणार होते, पण फळ त्यांचं आहे तर आलुबुखारच राहू दे.

आता एकच अडलंय. काही भांड्यांवर झिलईत बारीक रेषांचं जाळं असतं, थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते म्हणून ते पडतं, आणि चीनमध्ये ते मुद्दाम पाडायचे. 'तडे' लिहिलं तर भांडं फुटलंय असं वाटेल ना?

———

तडे नको. 'जाळी पडलेली झिलई' लिहा. पिंपळाचं पान कुजून शिरा उरल्या की आपण जाळी पडली म्हणतो, ती खराबी कुणाला वाटत नाही, उलट पुस्तकात जपून ठेवतात.

———

जाळी! लगेच लिहिलं.