‘मॉर्टर भंगारात काढा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मॉर्टरवाला (देवरुख):
काल इथे एकाने लिहिलं, "मशीनगन, मॉर्टर, रॉकेट लाँचर ही महायुद्धातली भांडी. भंगारात काढा. एक स्मार्ट गोळा चार माणसांचं काम करतो." वाचून रात्री झोप लागली नाही.

मी पायदळात सतरा वर्षं काढली, त्यातली अकरा 81 मिमी मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर. नळी, तिचे दोन पाय म्हणजे बायपॉड, आणि खाली जमिनीवर टेकणारी बेस प्लेट मिळून चाळीसेक किलो. शिवाय एकेक बॉम्ब चार किलोंच्या वर. सगळं पाठीवर. ओल्या मातीत दोन बॉम्ब उडाले की बेस प्लेट एका अंगाला खचते आणि नेम धरायच्या साइटमधला पातळी दाखवणारा बुडबुडा सरकतो. नंबर एकचा जवान तो परत मध्यात आणतो. नंबर दोन बॉम्ब नळीच्या तोंडाशी धरून हुकमाची वाट बघतो. एकदा भर पावसात बॉम्ब नळीत सोडला आणि आवाजच झाला नाही. ठरलेला वेळ थांबलो. मग नळी सावकाश तिरपी केली आणि माझ्या नंबर दोनने तो बॉम्ब तोंडाशी दोन्ही हातांनी झेलला. त्याचे हात जराही थरथरले नाहीत. ही भांडी नाहीत हो, ही माणसं आहेत.

आणि स्मार्टचं म्हणाल तर अमेरिकेची कथा बघा. दोघांनी चालवायची, 25 मिमीचे स्मार्ट गोळे झाडणारी एक्सएम 307 मशीनगन त्यांनी 2007 मध्ये गुंडाळली. तसेच गोळे एकट्याने खांद्यावरून झाडायची एक्सएम 25 ही बंदूक 2010 मध्ये अफगाणिस्तानात नेली, 2018 मध्ये तीही बंद. युक्रेनमध्ये एक्सकॅलिबर गोळे रशियन जॅमिंगपुढे, म्हणजे सिग्नल बिघडवण्यापुढे, भरकटले. आमची नळी कोण जॅम करणार?

खाडीपट्टा (चिपळूण):
काका, तुमच्या नोकरीबद्दल आदर आहे, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत भरल्यात. एक्सकॅलिबर 155 मिमी तोफेचा गोळा, तो जीपीएसवर चालतो. एक्सएम 25 ला जीपीएस लागतच नव्हता. लेझरने अंतर मोजायचं, ते गोळीतल्या फ्यूजला, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागाला, कळवायचं, गोळी स्वतःचे फेरे मोजत जाते आणि ठरलेल्या जागी हवेत फुटते. त्यात जॅम काय करणार?

1999 ला कारगिलमध्ये शत्रू संगराच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशाच्या, आड बसला होता. समोरून मारलेली गोळी दगडावरच आपटायची. डोक्यावर फुटणारा गोळा तेव्हा हातात असता तर किती पोरं वाचली असती? खांद्यावरून डागायची कार्ल गुस्ताफ 1948 ची, पण तिचं नवं मॉडेल 7 किलोंच्या आत आलंय आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम करता येणारा गोळाही आहे. नळी जुनी, गोळा नवा. भंगारात काढा असं मीही म्हणत नाही, पण ‘आमच्या वेळी’चा पाढा पुरे.

तळकोकण (मालवण):
माका लष्करातला काय कळणा नाय, पण यंत्राचा कळता. आमच्या बोटीर जीपीएस आसा, फिश फाइंडर आसा. आगोटीच्या तोंडार, पावसाच्या सुरवातीक, दोनय बंद पडले. बोट चलवणाऱ्या तांडेलान डोंगराची खूण धरून बोट बंदरात आणल्यान. तेका शिकाक वीस वर्सा लागली.

माणगावची:
संगराचा विषय निघालाय म्हणून. यशवंत घाडगे आमच्या तालुक्यातले, त्यांचा पुतळा माणगावात आहे. 10 जुलै 1944, इटली. मशीनगनच्या माऱ्यात सगळे साथी मेले किंवा जखमी झाले. हे एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दर वेळी त्या पुतळ्याकडे बघून एकच वाटतं, तसं धावत जायची वेळ परत कुणावर येऊ नये. मी खाडीपट्टा यांच्या बाजूने.

दापोली कॅम्प:
महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही दोन व्हिकर्स मशीनगन आहेत, कारण ती एकेकाळी मशीनगन रेजिमेंटच होती. आमच्या घरातली तिसरी पिढी सैन्यात आहे. पण खरा प्रश्न कुणी काढतच नाही. जून 2022 मध्ये अग्निपथ आली. चार वर्षं, त्यातच सहा महिने ट्रेनिंग, पुढे कायम होणार ते फार तर 25 टक्के. माझा पुतण्या मशीनगनवर नंबर दोन आहे. गोळ्यांचा बेल्ट कुठल्या कोनात धरला की अडकत नाही, हे आत्ता कुठे हाताला कळलंय म्हणतो. आणि लगेच किती महिने उरले ते मोजतो. जुनं शस्त्र राहू दे नाहीतर नवं येऊ दे, ते चालवायला माणूस टिकणार आहे का?

खाडीपट्टा:
धागा अग्निवीरांवर नाही. आणि माणूस चारच वर्षं राहणार असेल तर उलट स्मार्ट शस्त्रच हवं ना? संगणक अंतर काढून देईल, शिकायला कमी वेळ लागेल.

दापोली कॅम्प:
म्हणजे पोराला शिकवायचं नाही, बटण दाबायला ठेवायचं? तुमच्या घरचं कोण आहे सीमेवर?

खाडीपट्टा:
माझा सख्खा मामा सियाचीनहून दोन बोटं गमावून आला. घरच्यांवर येऊ नका.

माणगावची:
दोघेही थांबा जरा. माझा भाचा अग्निवीर आहे. त्याची आई रोज विचारते, चार वर्षांनी हा परत येऊन काय करणार? मुंबईत एखाद्या सोसायटीच्या गेटवर बसणार? तिला गोळ्यातला फ्यूज कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

दापोली कॅम्प:
मामांचं माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

तळकोकण:
आमच्या गावात भरतीसाठी धावणारे पोरगे निम्म्यार इले. ह्या पण लिवा कोणीतरी.

खाडीपट्टा:
मूळ मुद्द्यावर येतो. नागपूरला बनणारं नागास्त्र-1, म्हणजे लक्ष्यावर आदळून फुटणारं ड्रोन, सुमारे नऊ किलोंचं आहे, 2024 मध्ये पहिली 120 लष्कराला मिळाली. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरतं. तुमचा बॉम्ब एकदा नळीतून सुटला की परत येतो का, काका?

मॉर्टरवाला:
नाही येत. जॅमिंगचा मुद्दा मी चुकीच्या जागी लावला, तेवढं कबूल. डोक्यावर फुटणारा गोळा मलाही हवा होता, कुणाला नको असेल? पण लेझर धुक्यात आणि पावसात फसतो. मधली एखादी फांदी दिसली तर तिचंच अंतर सांगतो. ते अंतर खोटं आहे हे ओळखायला अकरा वर्षांचा डोळा लागतो, म्हणून दापोलीवाल्यांचं म्हणणं माझ्याच मुद्द्याचं दुसरं टोक आहे. जुलैत आंबा घाटात या. समोरच्या कड्याचं अंतर सांगा, मग पुढे बोलू.

खाडीपट्टा:
येतो. रेंजफाइंडर मी आणतो. पण मी मोजायच्या आधी तुमचा आकडा कागदावर लिहून माणगावच्या ताईंच्या हातात द्यायचा.