१९७७ च्या शेव्हरोले पिकअपसाठी सल्ला हवा: मूळ ३५० घन इंचांचं इंजिन बांधून घेऊ की ४५४ चं बिग-ब्लॉक बसवू?

नमस्कार मंडळी,

जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं स्वतः उघडलेले काहीजण इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

ट्रक १९७७ चा शेव्हरोले सी-२०, म्हणजे पाऊण टनी. ३५० चं स्मॉल-ब्लॉक, चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे ४.१० गिअर गुणोत्तराचा डिफरन्शियल. आम्ही टेक्सासमध्ये ब्रेनहॅमजवळ राहतो, पाच एकर जागा आहे. हा ट्रक शेजारच्या आजोबांनी नवा घेतला होता. कुंपणाला तार कशी ताणायची इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं. ते गेल्यावर आजींनी किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या की हा अंगणात गंजत ठेवू नकोस. ग्लव्ह बॉक्समध्ये आजोबांची वही आहे. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि मैल पेन्सिलीने लिहिलेले, शेवटच्या पानांवर अक्षर थरथरतं.

काम असं: ३५ एचपीचा ट्रॅक्टर लोडरसकट ट्रेलरवर घालून महिन्यातून दोन-तीनदा न्यायचा. ट्रेलर धरून वजन साधारण ७,००० पौंड, अंतर चाळीस मैल, थोडा रस्ता हायवे २९० आणि बाकी चढउताराचे शेतरस्ते. एरवी चारा, खत, लाकूड. रोज ऑफिसला ही गाडी नेत नाही.

आता दुखणं. सकाळी चालू केली की निळा धूर मारते, दर तीनशे मैलांना एक क्वार्ट ऑइल खाते. कॉम्प्रेशन मोजलं. सहा सिलिंडर १४० ते १५० पीएसआय दाखवतात, पण ५ नंबरला ९५ आणि ७ नंबरला ९०. त्या दोघांत चमचाभर ऑइल घालून परत मोजलं तर काटा १२५ च्या वर गेला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर जेमतेम १२. चढाला ट्रेलरसकट दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. इंजिन उतरवायचंच आहे, हे नक्की.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत.

एक, आहे ते ३५० नीट बांधून घ्यायचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० हजारांश इंच वाढवून ३५५ होतं. लेथवाल्याने सगळं मिळून ३,८०० डॉलर सांगितलेत.

दोन, त्याच ब्लॉकमध्ये ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वरखाली चालीचा) क्रँक घालून ३८३ करायचं. म्हणजे ४.०३० चा बोअर आणि जुन्या ४०० स्मॉल-ब्लॉकचा स्ट्रोक.

तीन, जीव ओढतोय ते ४५४. वीस मैलांवर एका शेडमध्ये शेव्हरोले पी-३० चेसिसचा जुना मोटारहोम पडलाय, त्याचं ४५४ कार्ब्युरेटरपासून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपर्यंत १,००० डॉलरला मिळतंय. बारा वर्षं बंद आहे. परवा जाऊन बघून आलो. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर आत मधासारख्या रंगाचं ऑइल, गाळ नाही. क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावला, आधी अडलं आणि मग हळूहळू फिरलं. त्या क्षणापासून डोक्यातून जात नाही.

वाचून मला एवढं कळलंय की दोन्ही इंजिनांच्या मागच्या तोंडाचे बोल्ट सारखे आहेत, त्यामुळे माझा टर्बो ४०० दोघांनाही बसतो. पण ४५४ ला बाहेरून बॅलन्स केलेली स्वतःची फ्लेक्सप्लेट (इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारी चकती) आणि क्रँकच्या पुढच्या टोकाचा बॅलन्सर लागतो. शिवाय मोठा रेडिएटर, पंख्याभोवतीचं आवरण, पुढच्या स्प्रिंगा, सायलेन्सरचे पाइप, एसीचे ब्रॅकेट. कंपनीच्या आकड्यांत त्या काळच्या ट्रकच्या ३५० ला साधारण १६५ एचपी आणि ४५४ ला २४५, टॉर्कमध्ये तर शंभर पौंड-फुटांचा फरक. हे वाचलं की बाकीची यादी विसरायला होते.

एलएस, म्हणजे शेव्हरोलेचं नव्या पिढीचं संगणकावर चालणारं इंजिन टाका असं मला बरेच जण सांगतात. इंजिन चांगलंच आहे, पण मला संगणक आणि वायरिंगचं जाळं या ट्रकमध्ये नको. पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन रस्त्याकडेला दुरुस्त करता यावी अशीच गाडी हवी.

माझे वडील वाळव्याला आयुष्यभर एकच ट्रॅक्टर चालवत होते, तो तीनदा बांधून घेतला. 'इंजिन बदलणं सोपं, बांधणं शिक' असं ते म्हणायचे, म्हणून ३५० टाकून देताना हात थांबतो. पण भावनेपायी चुकीचं इंजिन बांधायचं नाही. तुम्ही काय कराल?

तेलकट हात

दादा, सगळी मापं दिलीत म्हणून बोलता येतंय. मी ओहायोत इंजिन मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं काढली, त्यातली बरीच शेव्हरोलेची.

आधी एक गैरसमज काढा. बिग आणि स्मॉल हे ब्लॉकच्या अंगाचं नाव आहे, आत किती घन इंच आहेत त्याचं नाही. १९५५ साली २६५ घन इंचांचं स्मॉल-ब्लॉक आलं. त्याच्या शेजारच्या दोन सिलिंडरांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४.४० इंच, ते पुढेही तेच राहिलं. १९६५ ला ३९६ बिग-ब्लॉक आलं, त्यात हे अंतर ४.८४ इंच. म्हणून स्मॉल-ब्लॉकचं ४०० हे बिग-ब्लॉकच्या ३९६ पेक्षा घन इंचांत मोठं आहे. त्यासाठी सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना चिकटवाव्या लागल्या, मधून पाणीच जात नाही. बिग-ब्लॉकमध्ये जागा ऐसपैस आहे, ४.२५१ चा बोअर आणि पूर्ण ४ इंचांचा स्ट्रोक. ओढायला ते उत्तमच.

पण चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही, यात दोन सिलिंडर मेलेत हे कारण मोठं आहे. आजारी ३५० ची तुलना तुम्ही मनातल्या धडधाकट ४५४ शी करताय. शिवाय ४.१० चा डिफरन्शियल तुमच्याकडे आधीच आहे. टर्बो ४०० ला ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) नाही, म्हणजे ६५ मैलांच्या वेगाला इंजिन २,८०० च्या पुढे फिरत असणार. हे गिअरिंग ओढण्याचंच आहे.

मी ३८३ करेन. ओढायला खालच्या आरपीएमला टॉर्क हवा, आणि वाढवलेला स्ट्रोक तोच देतो. आतून बॅलन्स केलेला क्रँक घ्या, म्हणजे फ्लेक्सप्लेट आणि बॅलन्सर आहे त्याच प्रकारचा चालेल. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सिलिंडरच्या खालच्या काठाला घासतात, तिथे ब्लॉक थोडा ग्राइंड करावा लागतो. लेथवाल्याला आधीच विचारा, त्याने हे पूर्वी केलंय का.

आणि बारा वर्षं बंद पडलेलं इंजिन 'आधी अडलं मग फिरलं', याचा अर्थ कुठल्यातरी सिलिंडरमध्ये गंजाची कडा आहे. १,००० डॉलर हे बांधण्याजोग्या ब्लॉकचे पैसे आहेत, चालू इंजिनाचे नाहीत.

डोंगरवाट

माझ्याकडे याच पिढीचा सी-२० आहे आणि त्यात ४५४ आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी कोलोरॅडोत घोड्यांचा ट्रेलर ओढतो. घाटात हे इंजिन जे करतं त्याला तोड नाही. २,००० आरपीएमला पाय नुसता टेकवला की चढ संपतो. ट्रेलरसकट गॅलनला आठ मैल मिळतात, रिकामी असताना दहा. याची तयारी ठेवा.

पुढच्या अंगाला शंभर ते दीडशे पौंड वाढतात. सुकाणू जड होतं आणि ब्रेक मारताना नाक खाली जातं. उष्णता हा खरा मुद्दा आहे. माझे मागचे स्पार्क प्लग काढताना हात भाजतो, मॅनिफोल्डचे बोल्ट दोनदा तुटले. तुमचं टेक्सास, ऑगस्टमधलं ऊन, एसी चालू आणि मागे ट्रॅक्टर. रेडिएटरवर पैसे वाचवायचे नाहीत.

दर आठवड्याला १०,००० पौंड ओढत असाल तर डोळे मिटून ४५४. महिन्यातून तीनदा ७,००० ला मी ते बसवणार नाही, आणि हे ४५४ वाला सांगतोय.

समुद्रकाठ

कॅलिफोर्नियातून कोणी वाचत असेल तर: आमच्याकडे १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉगची तपासणी माफ आहे, १९७६ पासून पुढे लागते. इथे '७७ च्या ट्रकमध्ये असं इंजिन बदलायचं तर आधी कागद बघावे लागतात. टेक्सासमध्ये २५ वर्षांवरच्या गाडीला धुराची चाचणी नाही, तेव्हा धागाकर्त्यांना ही अडचण नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो. तेच ऐकायची गरज होती.

रविवारी ३५० खाली उतरवलं. मागच्या फ्लँजवरचा चिखल आणि जुनं ग्रीस वायर ब्रशने घासलं, तर ब्लॉकवर ओतलेला ३९७००१० हा नंबर वर आला. ऑइल पॅन काढला, आणि मधल्या तीन मेन बेअरिंगच्या कॅपना चार-चार बोल्ट. मुलगी टॉर्च धरून उभी होती, तिला मोजायला लावले. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कडा आहे, पिस्टनवर जादा मापाचा शिक्का नाही, म्हणजे आजवर एकदाही बोअर झालेलं नाही. ७ नंबरची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली. मेन बेअरिंगच्या दोन पट्ट्यांवर तांबं दिसतंय, ऑइल प्रेशर तिथेच जात होतं.

ब्लॉक धुऊन तडे तपासायला दिला होता, आज फोन आला की स्वच्छ आहे. त्यामुळे ४५४ चा विषय बंद, मोटारहोमवाल्यांना तसं कळवलं. ३८३ करतोय, आतून बॅलन्स केलेल्या क्रँकसह. लेथवाल्याने हे काम पूर्वी केलेलं आहे. पिस्टन हातात आल्याशिवाय तो बोअरिंगला हात लावत नाही, प्रत्येक पिस्टन मापून त्या त्या सिलिंडरचं होनिंग (आतून शेवटचं बारीक घासकाम) करणार म्हणतो. हे ऐकून बरं वाटलं.

आता उरलेला प्रश्न कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा. साधा फ्लॅट टॅपेट कॅम, ज्यावर टॅपेटचा सपाट तळ घासतो, स्वस्त पडतो, पण हल्लीच्या ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंक कमी असल्यामुळे नवे कॅम सुरुवातीलाच झिजल्याचं ऐकतोय. टॅपेटला चाक असलेला रोलर घेतला तर खर्च बराच वाढतो. ओढण्याचंच काम आहे, ४,५०० च्या वर इंजिन कधी जाणार नाही. तेलकट हात, तुम्ही काय घालाल?

तेलकट हात

चार बोल्टवाला आणि कधीच बोअर न झालेला ब्लॉक! जपा त्याला.

पैसे जमत असतील तर रोलर. नसतील तर फ्लॅट टॅपेटही चालतो, पण नियम पाळा. कॅमच्या लोबांना आणि टॅपेटच्या तळाला असेंब्ली पेस्ट नीट चोपडा, झिंकवालं ब्रेक-इन ऑइल भरा, आणि ड्रिलने ऑइल पंप फिरवून आधी प्रेशर आणा. पहिल्यांदा चालू झालं की आयडलला सोडायचं नाही. लगेच २,००० वर न्या आणि वीस मिनिटं तिथेच थोडं वरखाली करत ठेवा. रेडिएटरचं पाणी, इग्निशन टायमिंग, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, सगळं आधीच तयार ठेवा म्हणजे मध्ये बंद करावं लागणार नाही. कॅम त्या पहिल्या वीस मिनिटांत मरतो.

लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) कमी आणि ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) लहान असा ट्रकचा कॅम घ्या. दुकानदार मोठा कॅम गळ्यात मारायला बघेल, ऐकू नका. चालू करायच्या दिवशी कळवा, मी फोनवर थांबेन.