मदत हवी आहे: लिंक्सच्या यादीसाठी एकच कंपोनंट

मंडळी, वेबपानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे रिअ‍ॅक्टमध्ये लिंक्सची यादी दाखवणारा एक कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा पानाचा तुकडा) लिहितोय. साइडबार, फूटर, संबंधित लेख, सगळीकडे तोच वापरायचाय. आत साधे यूएल (यादी), एलआय (यादीतली ओळ) आणि ए (लिंक) हे एचटीएमएल टॅग. अडचण अशी की बुलेट काढायला सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल नन दिलं की सफारीत व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम) यूएलला यादी म्हणून सांगतच नाही. नॅव्ह या नेव्हिगेशनच्या टॅगच्या आत ठेवली तर सांगतो, पण फूटरमधली प्रत्येक यादी नॅव्हमध्ये गुंडाळणं मला पटत नाही. लँडमार्कची (स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला थेट उडी मारता येणाऱ्या पानाच्या भागांची) नुसती गर्दी होते. मग 'ही यादी आहे' असं स्पष्ट सांगणारा रोल लिस्ट यूएलला कायमचाच देऊन टाकावा का? लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) मात्र तो अनावश्यक म्हणून कुरकुरतो.

शिवाय लिंक्स प्रॉपमधून (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या माहितीतून) ॲरे, म्हणजे डेटाची यादी, म्हणून घ्याव्यात की चिल्ड्रन, म्हणजे कंपोनंटच्या आत लिहिलेले टॅग, म्हणून? ॲरे सुटसुटीत वाटतो, पण एखाद्याच लिंकला आयकॉन हवा झाला की प्रॉप वाढतच जातात. तुम्ही काय करता?