घरगुती फ्लो बेंच: दाब कमी पडला तरी चालेल, गळती नको
फ्लो बेंच म्हणजे इंजिनाच्या सिलिंडर हेडमधून ठरावीक दाबफरकाखाली किती हवा जाते हे मोजणारे उपकरण. त्यात हवा ओढायला व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी वापरल्यास हेडमधला व्हॉल्व्ह जास्त उचलताच दाब २८ इंच पाण्याच्या स्तंभावर टिकत नाही, ही अडचण खरी आहे. मात्र त्यासाठी आणखी मोटरी जोडत बसण्याची गरज नाही. हवेचा प्रवाह दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे १० इंचांवर मिळालेल्या आकड्याला साधारण १.६७ ने गुणले की २८ इंचांवरचा अंदाज मिळतो, आणि पोर्ट (हेडमधला हवेचा मार्ग) घासण्याआधीची व नंतरची तुलना एकाच बेंचवर करायची असेल, तर तेवढे पुरते.

माझ्या मते खरे लक्ष गळतीकडे द्यायला हवे. सिलिंडर हेडच्या जागी सपाट पत्रा घट्ट बसवून मोटर चालू करावी. अशा वेळी ऑरिफिस प्लेटच्या (प्रवाह मोजण्यासाठी हवेच्या वाटेत बसवलेल्या छिद्राच्या चकतीच्या) दोन्ही बाजूंना जोडलेल्या यू-नळीतील रंगीत पाणी जरासुद्धा सरकले, तर पत्रा आणि प्लेट यांच्या मधल्या सांध्यांतून हवा आत शिरते आहे हे नक्की. प्लेटच्या छिद्राची कड धारदार ठेवावी, कारण ती गोलसर झाली की सुमारे ०.६ हा प्रवाह-गुणांक (प्रत्यक्ष आणि सैद्धांतिक प्रवाहाचे गुणोत्तर) लागू पडत नाही. इनटेक पोर्टच्या तोंडाशी मात्र मॉडेलिंग क्लेची गोलाई अवश्य द्यावी.